आधी काळीज, मग भीती

केंदूरमध्ये सुषमाच्या दुखण्याला प्रत्येकानं आपापलं नाव ठेवलं होतं. सासू म्हणायची अंगातलं वारं, भावकीतल्या बाया म्हणायच्या नाटक, शिरूरचा डॉक्टर म्हणायचा पॅनिक, आणि नवरा बिचारा ज्याच्याशी शेवटचं बोलणं झालं असेल त्याचं खरं मानायचा. नाव ठेवायला सगळे पुढे. पण एकानंही एवढं विचारलं नाही, की बाई, तुला नेमकं होतं तरी काय? जिला होत होतं ती सोडून गावात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.

सुषमा मूळची यवतची. तिच्या भावाचं, ज्ञानूचं, हायवेवर पंक्चरचं दुकान. अठ्ठ्याण्णव साली ती केंदूरच्या बिरदेवाच्या घरात सून म्हणून आली. घर धनगराचं, पण मेंढरं सासऱ्याच्या तरुणपणीच विकलेली. आता कांदा, ज्वारी आणि दोन म्हशी. बिरदेव कोरेगाव भीमाजवळच्या एका कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर होता. सासरे मल्हारी, गाव त्यांना आबा म्हणायचं, बिरोबापुढच्या गजीच्या नाचात ढोल वाजवायचे. सासू बयाबाई, म्हणजे घरातला शेवटचा शब्द. सुषमा कामाला वाघीण होती, हे ही सगळी माणसं कबूल करायची. मग पुढं तिला ढोंगी म्हणताना निदान त्यांची जीभ तरी अडखळायला हवी होती. नाही अडखळली.

पहिल्यांदा झालं ते गोठ्यात. लग्नाला वर्ष होत आलं होतं. शेणाची पाटी उचलायला ती वाकली आणि छातीत काहीतरी एकदम पलटी खाल्ल्यासारखं झालं. पुढच्या क्षणी काळीज पळायला लागलं. हळूहळू वाढत गेलं असं नाही, दिव्याचं बटण दाबावं तसं. गळ्यात दोन्ही बाजूंना ठोके, इतके जोरात की पदर उडताना तिला दिसत होता. ती पाटी ठेवून मटकन खाली बसली. घाबरण्यासारखं काही घडलंच नव्हतं. म्हैस रवंथ करत होती, घरात कुणाचं कुणाशी वाजलं नव्हतं, सकाळची न्याहारी झाली होती. काळीज थांबेना तसं तिला वाटलं, आपण मरतोय की काय, आणि तेव्हा कुठं भीती वाटली. आधी काळीज, मग भीती. पुढची चार वर्षं हे चार शब्द तिनं जो भेटेल त्याला सांगितले. मग बऱ्याच वेळानं, जसं आलं तसंच ते गेलं, एका ठोक्यात. अंगात त्राण राहिलं नाही आणि वर लागोपाठ लघवीला जावं लागलं.

"उष्णता हाय," बयाबाई म्हणाली. "सब्जा घे."

सब्जा घेतला. काळजाला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. ते मनाला येईल तेव्हा पळायचं, पण बहुतेकदा ती वाकून काही उचलायला गेली की.

त्याच वर्षी बिरोबाची जत्रा आली. देवळापुढं गजी रंगात आलेली, आबांचा ढोल घुमत होता. सुषमानं नैवेद्याची पाटी डोक्यावरून उतरवली, खाली ठेवायला वाकली, आणि काळीज सुटलं. तिनं शेजारणीचा हात धरला आणि ती खाली बसली. अंग थरथरत होतं, ओठ पांढरे पडले होते.

"आलं! देव आला!" कोणतरी ओरडलं.

आता ह्या घराची गोष्ट अशी, की बयाबाईच्या सासूच्या अंगात देव यायचा. ती गेल्यापासून घरात कुणाच्याच अंगात आला नव्हता. घर वाट बघत होतं म्हणा ना. सगळ्या गर्दीनं सुषमाकडं बघितलं आणि भंडारा उधळला. तिच्या तोंडात, डोळ्यांत, केसांत पिवळं पिवळं झालं. देव अर्धवट येऊन परत फिरू नये म्हणून ढोलाची लय वाढवायची तिकडं रीत. आबांनी ती वाढवली. सून मरणाच्या भीतीनं छातीवर हात दाबून बसलीय आणि सासरा अंगातली सगळी ताकद लावून ढोल बडवतोय! बरं, वाईट हेतूनं नाही, अगदी भक्तीनं. भक्तीनं केलं म्हणून तिचं काळीज काही कमी पळत नव्हतं.

बयाबाई तिच्यापुढं हात जोडून बसली. "कोन हायेस? नाव सांग."

"मी सुषमा."

"तसं न्हवं. कोन आलंय ते सांग."

"मी सुषमा हाय, आत्याबाई. मला पानी द्या."

"देव परीक्षा बघतोय," मागून एक म्हातारा म्हणाला. एका बाईनं तिच्या पायावर डोकं ठेवून लेकीला दिवस कधी जातील ते विचारलं. दुसरीनं हरवलेल्या शेळीचं विचारलं. सुषमा पाणी मागत राहिली. अंगात आलेल्याला मधेच पाणी दिलं तर देव निघून जातो असं त्यांचं म्हणणं, म्हणून घोटभर पाणी कुणी दिलं नाही.

आणि मग ते थांबलं, नेहमीसारखं, एकदम. सुषमा उठली. भंडाऱ्यानं माखलेलं तोंड पदरानं पुसत म्हणाली, "मला लघवीला जायचंय." आणि गर्दी सारून निघून गेली.

झालं! असला कसला देव? संध्याकाळपर्यंत गावात शब्द फिरला, ढोंगी आहे पोरगी. दुपारी पाया पडणारे तेच आणि संध्याकाळी ढोंगी म्हणणारेही तेच. आपण चुकलो असू, ही शंका कुणालाच आली नाही. चुकली ती सुषमा, कारण तिनं स्वतःचं नाव सांगितलं.

पुढच्या साली रुद्र झाला. पोरगं गुटगुटीत, आईशिवाय कुणाकडं न राहणारं. ते रांगत होतं तेव्हाची गोष्ट. सुषमा त्याला कडेवर घेऊन ओसरीवर पडलेलं सूप उचलायला वाकली आणि काळीज सुटलं. ह्या वेळी डोळ्यांपुढं अंधारीही आली. तिनं काय केलं? आधी पोराला खाली नीट बसवलं, मग स्वतः भिंतीला टेकली. कुठल्याही शहाण्या आईनं हेच केलं असतं. पोरगं रांगत ओसरीच्या कडेला गेलं, पायरीवरून घरंगळलं आणि कपाळाला टेंगूळ आलं. रडणं ऐकून बयाबाई धावत आली.

"पोराला टाकून बसलीस व्हय गं? काय आय हायेस का कोन हायेस?"

त्या दिवसापासून रुद्र सुषमाजवळ एकटा राहीनासा झाला. पाजायला द्यायचा, पाजून झाला की काढून घ्यायचा. झोपायला आजीजवळ. अंगणात सुषमा त्याला घ्यायला गेली की कोणीतरी पाठोपाठ यायचंच, जशी काही ती दुसऱ्याचं पोर पळवून नेणारी बाई. अंगावरचं दूध सुटल्यावर तर तेवढंही राहिलं नाही. घरात चार भिंतींच्या आत स्वतःचं पोर डोळ्यांनी बघायचं आणि हात लावायला परवानगी घ्यायची. ह्याला शिक्षा म्हणत नाहीत, काळजी म्हणतात.

बिरदेव तिला शिरूरला घेऊन गेला. एकदा नाही, तीनचारदा. पण केंदूरहून जीप भरेपर्यंत, शिक्रापूरला उतरून दुसरी गाडी मिळेपर्यंत काळीज ताळ्यावर यायचं. डॉक्टर ईसीजी काढायचा, तो सरळ यायचा. सरळ येणारच! पाहुणा निघून गेल्यावर घरात पाहुणा नाही म्हणून कुणी सांगितलं तर त्यात काय मोठं?

डॉक्टर तिच्याशी बोललाच नाही. तो बिरदेवशी बोलला. "घरात कटकटी आहेत का? सासू-सुनेचं पटतं का? फार विचार करतात का ह्या?"

"डॉक्टर, मला आधी काळीज पळतं आन् मग भीती..." सुषमा सांगायला लागली.

"सगळ्यांना तसंच वाटतं," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाला. "पॅनिक अटॅक आहे. हृदय ठणठणीत आहे. मन शांत ठेवा. ह्या गोळ्या रोज."

त्या गोळ्यांनी सुषमा भर दुपारी भाकरी थापता थापता पेंगायची. काळीज पळायचं ते पळायचंच, फक्त आता ती अर्धवट झोपेत असायची. आणि 'पॅनिक' हा शब्द डॉक्टरच्या खोलीतून निघाला तो बिरदेवच्या तोंडून केंदूरला पोचला आणि तिथं त्याचा अर्थ वेड असा झाला. मग बयाबाईला कोण अडवणार? आता डॉक्टरच तिच्या बाजूला होता.

सुषमा चिडली, रडली, एकदा तर जेवण सोडून बसली. त्यावर सगळ्यांनी एकमेकांकडं बघून माना हलवल्या, बघा, मन बिघडलंय ते दिसतंच आहे. बोललं तरी वेड, गप्प बसलं तरी वेड. माणसानं जायचं कुठं?

दोन हजार तीन साली बयाबाईनं फैसला केला. "माह्यारी जाऊन र्‍हा. बरी झालीस की ये."

"आन् रुद्र?"

"त्यो हितंच र्‍हाईल."

बिरदेव दाराशी उभा होता. त्यानं खाली बघितलं. तीन वर्षांचा रुद्र आजीच्या पदराआडून आईला पिशवी भरताना बघत होता.

यवतला ज्ञानूच्या दुकानाशेजारी धुरपदा राहायची. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी त्याच हायवेवर ट्रकखाली गेला होता. एका दुपारी दोघी दारात शेंगा फोडत बसल्या असताना रस्त्यावर एका ट्रकनं कर्कश ब्रेक मारला. धुरपदाच्या हातातल्या शेंगा सांडल्या. तिला घाम फुटला, श्वास पुरेना, हात कापायला लागले. सुषमानं तिचा हात धरून ठेवला. बोटांखाली नाडी जलद चालली होती, पण ती आधी चढत गेली आणि मग धुरपदा निवळत गेली तशी हळूहळू उतरत गेली.

"धुरपदाक्का, तुमाला आधी काय व्हतं?" सुषमानं विचारलं.

"आधी ते आठवतं गं. त्यो आवाज आला की पोटात खड्डा पडतो. भ्या वाटतं, मग काळीज वर वर चढतं. उतरायला बी येळ लागतो."

"माझं तसं न्हाई. मला काय बी आठवत नसतंय, कसली काळजी बी नसती. वाकले की एकदम सुरू. आन् थांबतं ते बी एकदम. भ्या मागनं येतंय."

धुरपदानं तिच्याकडं नीट बघितलं. "मग आपलं दोघींचं दुखनं एक न्हाई, बाई. दौंडला माझी डॉक्टरीणबाई हाय, सुलक्षणाबाई. मला लोक भित्री म्हनायचे, ती म्हनली हा खरा आजार हाय, औषध हाय त्याला. आता मी निदान स्टँडवर तरी उभी र्‍हाते. तिला दाव."

धुरपदाचंही दुखणं खोटं नव्हतं, हे इथंच सांगून ठेवलेलं बरं. मनाचं दुखणं म्हणजे नाटक, असं समजणाऱ्यांनी दोघींचंही वाटोळं केलं होतं.

त्याच आठवड्यात मल्हारी आबा सुनेला परत न्यायला यवतला हजर झाले. ती बरी झाली का, ते विचारायला नव्हे. कांदा काढणीला आला होता आणि मजूर मिळत नव्हते. सुनेचं मन बिघडलेलं होतं, हात मात्र कामाचे होते!

सुषमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासऱ्यापुढं ती कधी तोंड वर करून बोलली नव्हती. डोक्यावरचा पदर सारखा करून ती दाराआडून म्हणाली, "मामा, आधी दौंड, मग कांदा. न्हाईतर तुमी एकलेच जावा."

म्हातारा तिच्याबरोबर दौंडच्या एसटीत बसला.

सुलक्षणाबाईंनी बिरदेव कुठाय, सासू कशी आहे, असलं काही विचारलं नाही. त्यांनी सुषमालाच विचारलं. सुरू कसं होतं? थांबतं कसं? गळ्यात ठोके जाणवतात का? थांबल्यावर खूप लघवी होते का? ह्या शेवटच्या प्रश्नाला सुषमाला रडूच फुटलं. ज्या गोष्टीवरून जत्रेत हसं झालं होतं, ती ह्या बाई स्वतःहून विचारत होत्या.

ईसीजी काढला. तोही सरळ आला. सुषमाचं तोंड उतरलं.

"सरळ आला म्हणजे आत्ता तुझं हृदय ठीक चाललंय, एवढंच," बाई म्हणाल्या. "पळत असताना काढलेला पाहिजे. तुझं ऐकून मला वाटतंय ते हृदयाच्या ठेक्याचंच आहे, पण वाटून चालत नाही. पुन्हा सुरू झालं की लगेच ये."

लगेच ये! केंदूर कुठं, दौंड कुठं. घोटभर पाणी मिळत नाही तिथं गाडी कोण देणार? सुषमा बाहेर अंगणात येऊन उभी राहिली. पाण्याच्या टाकीपाशी पेशंटच्या नातेवाइकांच्या बादल्या होत्या. तिनं पदर खोचला, एक भरलेली बादली वाकून उचलली, खाली ठेवली. पुन्हा वाकली, पुन्हा उचलली. चार वर्षं ज्या दुखण्याला ती भीत आली, त्याला आता ती स्वतःच्या तोंडानं ये म्हणत होती.

"सूनबाई, ह्ये काय चाललंय?" आबा बाकावरून उठले. "लोक बगत्यात."

"बगू द्या. आजवर कुनी बगितलंय?"

बायका कुजबुजायला लागल्या. वॉचमन ओरडला. ती वाकतच राहिली. कंबर भरून आली, घाम निथळायला लागला. आणि एका वाकण्यात छातीत ती ओळखीची पलटी बसली. काळीज सुटलं.

आबांचा हात सवयीनं कमरेच्या भंडाऱ्याच्या पिशवीकडं गेला. सुषमानं तो मनगटाला धरून ओढला. सून सासऱ्याच्या अंगाला हात लावत नाही, त्या घरात तर सावलीसुद्धा पडू द्यायची नाही. तिनं म्हाताऱ्याची बोटं सरळ स्वतःच्या गळ्यावर दाबली.

"देव न्हाई, मामा. बगा. काळीज हाय माजं."

आबांनी बोटं काढून घेतली नाहीत. जन्मभर ढोल बडवलेला माणूस. असली पळती लय त्याच्या बोटांना कधी लागली नव्हती. दुसऱ्या क्षणी त्यांनी पटका सावरला आणि "बाई! डॉक्टरीणबाई!" असं ओरडत सुनेला खांद्याचा आधार देऊन आत नेलं.

तारा लागल्या. कागद सरकायला लागला. ठोके मिनिटाला दोनशेच्या आसपास, एकासारखा एक, चिकटून चिकटून. "सापडलं," सुलक्षणाबाई म्हणाल्या. मग त्यांनी तिला आडवी केली आणि बाळंतपणात लावतात तसा श्वास रोखून जोर लावायला सांगितलं. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्या खेपेला जोर सोडल्यावर बाईंनी तिचे पाय वर उचलून धरले, आणि कागदावरच्या रेघा एकदम सुट्या सुट्या झाल्या. सुरू झालेलं आणि थांबलेलं, दोन्ही आता कागदावर होतं.

नंतर बाईंनी आधी तिला झापलं. "बादल्या उचलायला मी सांगितलं होतं का? पुन्हा करायचं नाही असं." मग समजावलं. हृदयात विजेची एक जादा वाट असते काही जणांच्या, जन्मापासून. ठोका त्या वाटेला लागला की गरागरा फिरत राहतो. त्याला गोळी आहे, आणि गोळीनं भागलं नाही तर पुण्याला मांडीतून तार घालून ती वाट बंद करतात. "तू वेडी नाहीस. आणि घाबरलीस त्यात तुझं काही चुकलं नाही. काळीज असं पळालं तर मीही घाबरेन."

परतीच्या गाडीत आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्या जत्रंत मी ढोल वाढवला व्हता."

सुषमानं "असू द्या, मामा" असं म्हटलं नाही. असू द्यायचं कशाला? वाढवला होता, हे खरंच होतं.

केंदूरला बयाबाई अंगणात कांदा निवडत बसली होती, रुद्र तिच्या पदराआड. आबांनी ईसीजीचा कागद तिच्यापुढं धरला आणि सगळं सांगितलं. बयाबाईला अक्षर वाचता येत नव्हतं, त्या रेघा काय कळणार? पण कागद बघितल्याबरोबर तिचा विश्वास बसला. जितीजागती सून चार वर्षं सांगत होती त्यावर बसला नाही, वीतभर कागदावर बसला.

"अगं बाई, काळजाचं व्हय?" ती म्हणाली. "मग आदी न्हाई का सांगायचं?"

सुषमा पिशवी खाली ठेवून तिच्यापुढं उभी राहिली. "जत्रंत तुमी इचारलं व्हतं, कोन हायेस. मी म्हनलं व्हतं, सुषमा हाय, पानी द्या. दोनदा म्हनलं व्हतं, आत्याबाई."

बयाबाईनं हातातला कांदा टाकला. मान खाली घालून तिनं पदराआडच्या रुद्रला पुढं ढकललं. "जा. आय हाय तुजी."

सुषमानं हात पसरले. पोरगं दोन पावलं आलं आणि थांबलं. त्यानं वळून आजीकडं बघितलं, मग आईकडं. घरानं त्याला जे शिकवलं होतं ते तो चोख शिकला होता.

"आय, तुला येतंय का आता?"

सगळ्या अपमानांत सुषमाला हाच जिव्हारी लागला. सासूला कागद पुरला होता. तीन वर्षांच्या लेकराला कुठला कागद दाखवायचा? ती तिथंच, त्याच्यापासून दोन हातांवर, जमिनीवर बसली.

"न्हाई येत," ती म्हणाली. "पर आलं तरी भ्यायचं न्हाई, बरं का. मला आलं की तू पानी आनून द्यायचं. एवढंच काम."

रुद्रनं क्षणभर विचार केला. मग तो आत पळाला, आणि दोन्ही हातांत तांब्या धरून, अर्धं पाणी सांडत, आईपुढं येऊन उभा राहिला. तहान नव्हती तरी ती ते सगळं पाणी प्यायली. त्या घरात मागितल्यावर मिळालेलं तिचं ते पहिलं पाणी होतं.